विकत घेतलेली मालिका कुणाची? ॲनिमे, टीव्ही आणि घरचा सर्व्हर

तळटीप

२ एप्रिल २०२४ रोजी फ्युनिमेशन ही ॲनिमे दाखवणारी सेवा कायमची बंद झाली. सोनीने २०२१ मध्ये क्रंचिरोल ही तिची प्रतिस्पर्धी सेवा १.१७५ अब्ज डॉलर मोजून घेतली, तेव्हाच दोन्ही दुकाने एका मालकाची झाली होती, त्यामुळे त्यांतले एक मिटणार याचा अंदाज सगळ्यांना होता. धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. फ्युनिमेशनच्या डिस्कच्या डब्यात एक सांकेतिक क्रमांक मिळत असे आणि तो संकेतस्थळावर भरला की त्या मालिकेची डिजिटल प्रत ग्राहकाच्या खात्यात जमा होई. क्रंचिरोलने या प्रती आपल्याकडे घेतल्या नाहीत. ज्यांनी डिस्क जपली त्यांच्याकडे मालिका राहिली आणि ज्यांनी खात्याच्या भरवशावर डिस्क कुणाला देऊन टाकली ते हात हलवत बसले.

घरच्या सर्व्हरचा, म्हणजे आपल्या मालिकांच्या फाइल साठवून त्या घरातल्या टीव्हीवर पुरवणाऱ्या संगणकाचा, विषय निघाला की बोलणे लगेच प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि अमुक सॉफ्टवेअर चांगले की तमुक याकडे वळते. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे घरात ठेवण्याजोगे मुळात आहे काय? जे आपण पुन्हा पाहणार आहोत आणि जे उद्या कुठेच मिळणार नाही अशी रास्त शंका आहे, तेवढेच ठेवावे असे माझे मत आहे. बाकीच्यासाठी महिन्याची वर्गणी भरावी, मालिका पाहावी आणि वर्गणी थांबवावी. दहा हजार भागांचा साठा करून त्यातले पन्नास पाहणाऱ्या माणसाला मी संग्राहक म्हणणार नाही, तो हार्ड डिस्क बनवणाऱ्यांचा आश्रयदाता आहे.

ही शंका रास्त कशी, याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने स्वतःच्या कितीतरी मालिका एका झटक्यात काढून टाकल्या. डिस्नी प्लसने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘विलो’ ही मालिका मे २०२३ मध्ये हटवली, म्हणजे पहिला भाग दाखवून सहा महिनेही झाले नव्हते. पूर्वी मालिका पडली तर ती प्रसारणातून जाई, पण कुठेतरी तिच्या कॅसेट किंवा डिस्क शिल्लक असत. आता मालिका हटवली की तिचा खर्च हिशेबातून निर्लेखित करता येतो आणि कलाकार-लेखकांना पुढे द्यावी लागणारी रक्कमही वाचते, त्यामुळे ती पडद्यावर ठेवण्यापेक्षा नाहीशी करणे कंपनीला परवडते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला आहे, की डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ असे लिहून विकायची असेल तर ग्राहकाला प्रत्यक्षात केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्टपणे सांगावे लागेल. पाटी बदलली हे चांगलेच झाले, पण व्यवहार आहे तोच आहे.

आपण घरात काय ठेवता आणि ते कशावर चालवता, हे सकारण लिहावे अशी विनंती आहे. आपल्या देशातला प्रताधिकार कायदा डिस्कची प्रत काढण्याबद्दल काय म्हणतो हे ज्याने त्याने पाहावे, कारण तो सगळीकडे सारखा नाही. दुसऱ्याच्या मालाची चोरटी देवाणघेवाण हा या धाग्याचा विषय नाही.

जुना पडदा

आपले निदान मान्य आहे, पण उपाय पटत नाही. काय पुन्हा पाहिले जाईल हे आधी कळत असते तर बीबीसीने ‘डॉक्टर हू’च्या टेप पुसल्या नसत्या. १९६० आणि १९७० च्या दशकांत व्हिडिओ टेप महाग होती, तीच टेप पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती आणि जुना कार्यक्रम पुन्हा दाखवायला कलाकार संघटनांशी झालेले करार आडवे येत. त्या काळाच्या हिशेबाने तो निर्णय काटकसरीचा होता. आज त्या मालिकेच्या सुरुवातीच्या काळातील कित्येक भागांची चित्रे उपलब्ध नाहीत. तरीही प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज मात्र शाबूत आहे, कारण प्रसारण सुरू असताना काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो नोंदवून ठेवला होता. त्यांतल्या कुणी ‘हे उद्या मिळणार नाही’ असा विचार केला असेल असे मला वाटत नाही. त्यांना मालिका आवडत होती, एवढेच. त्यामुळे आपण ज्याला हार्ड डिस्कवाल्यांचा आश्रयदाता म्हणता, त्या माणसाची थोडी गय करावी.

टीव्हीबद्दल आणखी एक निरीक्षण नोंदवतो. नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०१३ मध्ये एका मालिकेचे सगळे भाग एकाच दिवशी दाखवले आणि तेव्हापासून ‘बसल्या बैठकीला संपवणे’ हीच पाहण्याची पद्धत ठरली. पूर्वी अमेरिकी वाहिन्यांवर वर्षाला बावीस-चोवीस भाग येत. आता आठ भाग येतात आणि पुढच्या आठांसाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागते. २०२३ मध्ये लेखकांचा संप १४८ दिवस आणि अभिनेत्यांचा ११८ दिवस चालला, हे या लांबणीचे एक कारण आहे, पण एकमेव नाही, कारण ही सवय संपाच्या आधीच लागली होती. दरम्यान मागचे कथानक विसरले जाते, म्हणून नवा सीझन येण्याआधी जुना पाहावाच लागतो, आणि नेमक्या त्या वेळी तो दुसऱ्या सेवेकडे गेलेला असतो. माझ्या घरी सर्व्हर आला तो या एका कारणाने. ॲनिमे मात्र अजून आठवड्याला एक भाग, बारा-तेरा भागांचे एक सत्र, ही शिस्त बरीच पाळते आणि त्याबद्दल मला त्या लोकांचा आदर आहे.

खिळा

सॉफ्टवेअरबद्दल मी लिहितो, कारण इतरांसाठी मांडणी करून देण्याचे काम माझ्याकडे बऱ्याचदा येते.

पर्याय मुख्यतः तीन आहेत: प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन. तिघांचे काम एकच, की आपल्या डिस्कवरच्या फाइल ओळखायच्या, त्यांना चित्रे आणि माहिती जोडायची आणि घरातल्या टीव्हीवर किंवा फोनवर त्या चालवायच्या. एम्बीने आपला मूळ कोड खुला ठेवणे थांबवले, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही मंडळींनी त्याच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून जेलीफिन वेगळे काढले. ते पूर्णपणे मोफत आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो आणि लॉगिन आपल्याच सर्व्हरवर होते. प्लेक्सचे खाते मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असते. माझ्या दृष्टीने खरा फरक हाच आहे, बाकी सगळी सजावट.

या फरकाचे परिणाम दोनदा दिसले. पहिला पैशाचा. २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून स्वतःच्याच फाइल पाहण्यासाठी पैसे आकारायला सुरुवात केली आणि त्याच वेळी आजीवन सदस्यत्वाची किंमत ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ डॉलरवर नेली. घरातल्या घरात पाहणे मोफत राहिले आहे, हेही सांगायला हवे. दुसरा परिणाम सुरक्षिततेचा. ऑगस्ट २०२२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये प्लेक्सच्या खात्यांची माहिती बाहेरच्यांच्या हाती लागली आणि सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगावे लागले. आपल्या घरातली डिस्क आपल्या घरातल्या टीव्हीवर दाखवायला तिसऱ्याचे खाते कशाला मध्ये हवे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

तरीही घरात वयस्कर माणसे असतील आणि रिमोटची तीन बटणे दाबून चित्रपट लागावा एवढीच अपेक्षा असेल, तर मी अजूनही काही ठिकाणी प्लेक्स लावून देतो. त्याची टीव्हीवरची ॲप अधिक घोटीव आहेत. जेलीफिनचे ॲप प्रत्येक टीव्हीवर तितक्या सहजतेने मिळत नाही आणि कधीकधी ब्राउझरवर जे नीट चालते तेच टीव्हीवर अडखळते. तत्त्व आपल्या जागी, पण आईला रोज फोन करावा लागू नये हेही तत्त्वच आहे.

अर्धविराम

माझे मत वेगळे आहे. सर्व्हर म्हणजे आणखी एक यंत्र, जे चोवीस तास वीज खात चालणार, ज्याची डिस्क एक ना एक दिवस जाणार आणि ज्याच्यासाठी घरातल्या एकाच माणसाने रविवार घालवायचा. मालिका हातातून गेली तर जाऊ द्यावी. आपण पुस्तकेही वाचनालयात परत करतोच.

सातवा मजला

वाचनालयाचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण परत केलेले पुस्तक तिथल्या कपाटात असते. ते असो. मी फक्त ॲनिमेपुरते लिहिते, कारण इतर मालिकांपेक्षा ॲनिमे सर्व्हरला जास्त छळते आणि ते आधी कुणी सांगत नाही.

पहिली अडचण सबटायटल्सची. साध्या मालिकेत खाली दोन ओळी येतात, संपले. ॲनिमेत सबटायटल्स बहुधा एएसएस प्रकारात असतात. त्यांत प्रत्येक ओळीची जागा, रंग, कल आणि अक्षराचा टाइप स्वतंत्रपणे सांगितलेला असतो, आणि ते टाइप व्हिडिओच्या एमकेव्ही फाइलमध्येच जोडलेले असतात. दृश्यात एखादे पत्र टेबलावर तिरके पडलेले असेल, तर त्याचे भाषांतर त्याच तिरकेपणाने, कागदावरच लिहिल्यासारखे दिसते आणि कॅमेरा सरकला की कागदाबरोबर सरकते. हे काम करणाऱ्यांच्या कौशल्याची खरोखर वाहवा करावीशी वाटते. परंतु टीव्हीच्या ॲपला हा प्रकार समजला नाही, तर सर्व्हरला प्रत्येक चौकटीवर ती अक्षरे स्वतः चितारून चित्र नव्याने बांधावे लागते. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवताना जो सर्व्हर पेंगत असतो, तोच मग पंखा पूर्ण वेगाने फिरवू लागतो आणि लढाईच्या ऐन भरात चित्र थबकते. लोक दोष इंटरनेटला देतात, पण कारण असते त्या तिरक्या पत्रात.

दुसरी अडचण दहा-बिट, म्हणजे रंगांच्या अधिक छटा साठवणाऱ्या, चित्राची. ॲनिमेत सपाट रंगांचे मोठे पट्टे असतात, संध्याकाळचे आकाश वगैरे, आणि आठ-बिट चित्रात त्या आकाशाला पायऱ्या पडलेल्या दिसतात. म्हणून साधारण २०११ पासून हौशी सबटायटलकारांनी एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीची दहा-बिट आवृत्ती वापरायला सुरुवात केली. चित्र सुंदर झाले, पण बहुतेक टीव्ही आणि ग्राफिक्स चिप त्या प्रकाराला हार्डवेअरची मदत देत नाहीत, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. नंतर आलेल्या एचईव्हीसी या पद्धतीच्या दहा-बिट प्रकाराला मात्र ही मदत जवळजवळ सगळीकडे मिळते. आपल्या डिस्कची प्रत नव्याने घडवणार असाल, तर तोच प्रकार निवडावा.

तिसरी अडचण भागांच्या क्रमांकांची. शेकडो भाग चालणाऱ्या मालिकेचे भाग काही ठिकाणी एकापासून सलग मोजतात, तर काही ठिकाणी सीझन पाडून मोजतात. सर्व्हर जिथून मालिकांची माहिती घेतो त्या संकेतस्थळांपैकी एनीडीबी एका पद्धतीने चालते, टीव्हीडीबी दुसऱ्या, आणि सर्व्हर भलत्याच भागाचे चित्र आणि सारांश चिकटवून मोकळा होतो. पुढचा सारांश आधी वाचून रहस्य फुटले की जो संताप होतो तो शब्दांत मांडता येत नाही.

तळटीप

सातवा मजला, हे इतके तपशीलवार लिहिल्याबद्दल आभारी आहे. जुना पडदा यांचे टेपरेकॉर्डरचे उदाहरण बिनतोड आहे, पण त्यातूनच माझा मुद्दा थोडा पुढे नेता येतो. त्या प्रेक्षकांनी दिसेल ते सगळे नोंदवले नव्हते. ज्याच्यावर जीव होता ते नोंदवले, आणि कित्येक वर्षे सांभाळले. माझा आक्षेप साठ्याला आहे, सांभाळण्याला नाही. दहा हजार भागांचा बॅकअप कुणी घेत नाही, शंभरांचा घेता येतो. दोन डिस्कवर एकच मजकूर उमटवणारी रेड मांडणी केली की काम झाले असे पुष्कळांना वाटते. पण चुकून पुसलेली फाइल त्या मांडणीत दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. वेगळ्या जागी ठेवलेली वेगळी प्रत हाच बॅकअप.

अर्धविराम यांच्या विजेच्या मुद्द्याला आकड्यात उत्तर देता येईल. रिकामा असताना सरासरी १० वॅट खाणारा छोटा संगणक वर्षभर अखंड चालला तर ८७.६ युनिट वीज लागते. इंटेल एन१०० सारखा प्रोसेसर असलेले छोटे संगणक एका डिस्कसह साधारण याच घरात बसतात आणि त्यातली क्विक सिंक ही सोय चित्र नव्याने बांधण्याचे काम प्रोसेसरला न दमवता करते. जुना मोठा संगणक अडगळीतून काढून सर्व्हर म्हणून लावला, तर मात्र हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो.

अर्धविराम

वीज सोडून देऊ. यंत्राचीच किंमत बघा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप इतक्या ओढून घेतल्या, की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीने क्रुशल या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करण्याची घोषणा केली. घरच्या सर्व्हरचे तयार डब्बे विकणाऱ्या सिनॉलॉजीने २०२५ च्या ‘प्लस’ श्रेणीतल्या यंत्रांत आपल्या मान्यतेच्याच डिस्क चालतील असा नियम केला आणि ग्राहकांनी पाठ फिरवल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. म्हणजे मालिका दाखवणाऱ्या कंपनीच्या तावडीतून सुटून आपण डब्बा विकणाऱ्या कंपनीच्या तावडीत जातो. सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. ही वाट दिवसेंदिवस अरुंद होत चालली आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिवाय आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. आपण काय साठवतो यावर इतकी चर्चा होते, पण ते बनवणाऱ्यांच्या हाती काय पडते? ॲनिमेचा पैसा बहुतेक वेळा गुंतवणूकदारांच्या निर्मिती समितीकडे जातो आणि चित्रे काढणारा स्टुडिओ ठरलेल्या मोबदल्यावर काम करतो, तर त्यातले अनेक चित्रकार त्या स्टुडिओचे नोकरही नसतात.

सातवा मजला

हा मुद्दा रास्त आहे. जपानमध्ये १ नोव्हेंबर २०२४ पासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. कामाच्या अटी लेखी द्याव्यात आणि झालेले काम देणाऱ्या कंपनीच्या हाती पोहोचल्यापासून साठ दिवसांच्या आत मोबदला द्यावा, असे तो सांगतो. त्याने दर वाढणार नाहीत, निदान उधारी तरी कमी होईल. क्योटो ॲनिमेशनने चित्रकारांना पगारी नोकरीत ठेवण्याची पद्धत पुष्कळ आधीपासून पाळली आहे आणि तिथल्या कामात जो सारखेपणा दिसतो त्याचे श्रेय मी बऱ्याच अंशी त्या पद्धतीला देते.

त्याच्या उलट टोकाचे उदाहरण २०२५ च्या अखेरचे आहे. ॲमेझॉनने काही ॲनिमेंना यंत्राने तयार केलेला इंग्रजी आवाज जोडला. रडण्याच्या प्रसंगात निर्विकार वाचन ऐकून प्रेक्षक इतके खवळले, की तो आवाज काही दिवसांतच काढावा लागला. माझ्या मते डिस्क विकत घेण्याचे हेही एक कारण आहे: तिच्यावर जो आवाज आणि जे भाषांतर आहे ते मागाहून कुणी बदलू शकत नाही.

खिळा

अर्धविराम यांनी डब्ब्याबद्दल लिहिले ते खरे आहे, पण डब्बा बंद पडला तरी डिस्क दुसऱ्या कुठल्याही संगणकाला जोडता येते, बंद पडलेल्या सेवेबाबत तसे करता येत नाही. मात्र सर्व्हर बाळगणाऱ्यांसाठी एक इशारा द्यायचा राहिला. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोरी झाली. तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावर प्लेक्सची जुनी आवृत्ती होती आणि चोर त्या वाटेने आत शिरले. ते छिद्र प्लेक्सने मे २०२० मध्येच बुजवले होते, केवळ त्या संगणकावर अपडेट केलेले नव्हते. जेलीफिनवाल्यांनीही हसू नये, कारण त्यातल्या काही दुव्यांना लॉगिनची अट नाही ही तक्रार प्रकल्पाच्या नोंदींत बरीच वर्षे उघडी आहे. म्हणून राउटरचे दार उघडून सर्व्हर थेट जगापुढे मांडू नये. बाहेरून घरच्या जाळ्यात येण्यासाठी सुरक्षित, खाजगी बोगदा (व्हीपीएन) तयार करणारे वायरगार्ड किंवा त्यावर बेतलेले टेलस्केल लावावे आणि बाहेरून त्याच बोगद्यातून यावे. अशाने आपल्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसला तरी टेलस्केलने काम भागते.

जुना पडदा

खिळा, एक विचारायचे आहे. माझ्याकडे जेलीफिनची १०.१० आवृत्ती स्थिर चालते आहे. आपण अपडेटचा आग्रह धरता, पण १०.११ मध्ये डेटाबेसची सगळी मांडणी बदलली आहे आणि मोठ्या संग्रहाला त्या स्थलांतरात बराच वेळ लागतो असे ऐकतो. पाहिलेल्या भागांच्या खुणा तरी शाबूत राहतात का? माझ्या पत्नीने एका लांबलचक मालिकेत कुठवर मजल मारली आहे, याची नोंद त्या खुणांखेरीज कुठेही नाही.

खिळा

स्थलांतर नीट पार पडले तर खुणा राहतात. सर्व्हर आधी पूर्ण थांबवा, मग ‘डेटा’ आणि ‘कॉन्फिग’ हे दोन्ही फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मगच नवी आवृत्ती चढवा. १०.११ वरून मागे यायचे झाले तर ही प्रत हाच एक मार्ग आहे. स्थलांतर सुरू असताना पान उघडत नाही म्हणून घाईने यंत्र बंद करू नका, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदींत, ओळी सरकताना दिसत असतील तर काम सुरू आहे असे समजा. आणि हे सगळे वहिनींचा आजचा भाग पाहून झाल्यावर रात्री करा.